पावडर बर्फाचा हिशेब: सरावली ते गुलमर्ग

‘काका, बर्फावर स्कीइंग करायला किती लागतात?’

गेल्या दिवाळीनंतर हा प्रश्न मला डहाणूजवळच्या सरावलीतल्या तिघांनी वेगवेगळ्या वेळी विचारला. एक कॉलेजात जाणारा मुलगा, एक वाडीवाले गृहस्थ आणि एक नर्सताई. तिघांनीही मोबाइलवर तोच व्हिडिओ पाहिला होता. गुडघाभर मऊ बर्फ, त्यातून झरझर उतरणारा माणूस आणि मागे उडणारा पांढरा धुरळा. तिघांनाही मी एकच उत्तर दिले. विमानाने गेलात तर माणशी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस हजार, रेल्वेने गेलात तर चाळीसच्या आसपास, आणि सरकारी संस्थेच्या कोर्सला जागा मिळाली तर त्याहून कमी. हा आकडा कसा बनतो आणि कुठे कमी होतो, ते सविस्तर सांगतो. कारण दोन वर्षांपूर्वी मी भाच्याला घेऊन गेलो तेव्हा हे कुणी सांगितले नव्हते आणि नको तिथे पैसे गेले.

आधी बर्फाचे. व्हिडिओत दिसतो तो सगळा बर्फ सारखा नसतो. ज्याला पावडर म्हणतात तो कोरडा, हलका, ताजा बर्फ. घरी भाकरीचे पीठ हाताळणाऱ्याला हा फरक लगेच कळेल. डब्यातले कोरडे पीठ मुठीत घेऊन दाबले तरी बोटांतून निसटते, पाणी शिंपडले की त्याचाच गोळा होतो. बर्फाचेही तसेच. हवा खूप थंड आणि त्यात ओलावा कमी असेल तर पडणारा बर्फ मुठीत वळत नाही, तोच पावडर. तापमान शून्याच्या जवळ आले की तो जड होतो, दुपारी वितळतो, रात्री गोठतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काचेसारखा कडक लागतो. म्हणून ठिकाण निवडताना उंची, थंडी आणि उताराची दिशा या तीन गोष्टी पाहायच्या. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन कमी लागते, तिथे बर्फ जास्त दिवस कोरडा राहतो.

या तीन कसोट्या लावल्या की भारतात पावडरसाठी पहिले नाव गुलमर्गचेच येते. गाव सुमारे २,६५० मीटरवर आहे. तिथून गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३,०८० मीटरवर नेतो आणि दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३,९५० मीटरच्या घरात. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. इतक्या उंचीवर पाळण्यात बसून पोचता येते आणि तिथून स्कीवर खाली उतरता येते, अशी जागा आपल्या देशात दुसरी नाही. जगभरचे स्कीअर गुलमर्गला येतात ते यासाठी.

उत्तराखंडातले औली मला मनापासून आवडते. समोर नंदादेवी दिसते, उतार शिकणाऱ्याला सोसतील असे आहेत आणि गढवाल मंडल विकास निगम तिथे स्कीचे कोर्स चालवते. पण सुमारे २,५०० ते ३,०५० मीटर एवढीच उंची असल्याने बर्फाची खात्री गुलमर्गपेक्षा कमी. शिवाय जोशीमठहून औलीला नेणारा चार किलोमीटरचा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये, जोशीमठची जमीन खचू लागल्यावर बंद करावा लागला. म्हणून औलीचा बेत करताना वर जाण्याचा रस्ता, गाडी आणि तिथली चेअरलिफ्ट यांची चौकशी आधी करा. मनालीजवळचे सोलंग पोचायला सोपे, पण तिथला बर्फ लवकर ओला होतो. लहान मुलांना बर्फ दाखवायचा असेल तर सोलंग पुरेसे आहे, पावडर शोधायला तिथे जाऊ नये.

आता तारीख, आणि या सगळ्या हिशेबात माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांच्या कडाक्याच्या थंडीला ‘चिल्लई कलान’ म्हणतात. त्यानंतरचे वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’. बर्फ आणतात ते भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ. याच विक्षोभांची शेपटी कधी कधी आपल्याकडे जानेवारीत ढगाळ हवा आणते आणि आंब्याच्या मोहोराची काळजी लागते. म्हणजे डहाणूच्या बागायतदाराला हे पाहुणे नवे नाहीत. ते कधी येतील हे महिनाभर आधी कुणी सांगू शकत नाही, एवढेच. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार जवळजवळ कोरडे होते. डिसेंबरातच पैसे भरून बसलेले लोक गवतावर उभे राहून फोटो काढत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये झाल्या. सरकारी स्पर्धेची तारीख चुकते, तिथे आपण डिसेंबरच्या सुट्टीत जाऊन पावडर मिळेल असे धरू नये.

माझा सल्ला असा. फेब्रुवारीचे पहिले तीन आठवडे धरा. नाताळ आणि नववर्षाचा आठवडा पूर्ण टाळा. त्या दिवसांत खोली, टॅक्सी, विमान सगळेच महाग असते आणि बर्फाचा भरवसा सगळ्यांत कमी. हॉटेल असे घ्या की पैसे न कापता रद्द करता येईल. आणि मुक्काम चार दिवसांच्या खाली नको. याचे कारण नवख्याच्या लक्षात येत नाही. जोराची बर्फवृष्टी झाली की दुसऱ्या दिवशी वरचा टप्पा बहुतेकदा बंद असतो. वारा असतो, हिमकडा कोसळण्याचा धोका असतो, तो तपासून सैल बर्फ पाडावा लागतो. दोन दिवसांसाठी गेलेला माणूस बर्फ पडताना पाहतो आणि परत येतो. चौथ्या दिवसापर्यंत थांबलेल्याला ते कोरडे पीठ मिळते.

तिकिटाकडे येऊ. गोंडोला जम्मू-काश्मीर सरकारचे केबल कार महामंडळ चालवते. तिकीट त्यांच्या संकेतस्थळावर, नावानिशी, तारीख आणि वेळ ठरवून घ्यायचे असते. दोन टप्प्यांची तिकिटे वेगळी. दोन्ही मिळून पर्यटकाला दोन हजारांच्या आतबाहेर पडतात. दर बदलतात, म्हणून काढतानाचा आकडा खरा धरा. इथे सवलत मिळवून देणारा कुणी मध्यस्थ नसतो. ‘तुम्हाला कमी दरात देतो’ किंवा ‘रांगेविना नेतो’ असे जो म्हणेल त्याला एक पैसाही देऊ नका. दुसऱ्या टप्प्याची तिकिटे गर्दीच्या दिवसांत लवकर संपतात आणि याच घाईचा फायदा घेतला जातो.

माझेच सांगतो. आमच्या भागातल्या एका एजंटाकडून मी पॅकेज घेतले होते. ‘गोंडोला सकट’ असे पावतीवर लिहिले होते. कोंगडोरीला उतरल्यावर कळले की आमचे तिकीट फक्त पहिल्या टप्प्याचे आहे. दुसऱ्या टप्प्याची त्या दिवसाची तिकिटे संपली होती. भाचा गप्प झाला. दोष माझाही होता. पावतीवर ‘दोन्ही टप्पे’ असे लिहून घ्यायला मी सांगितले नव्हते. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो: पॅकेज घेतले तरी गोंडोलाचे तिकीट स्वतः काढा, आणि ते छापील घ्या. दुसऱ्या राज्यातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. फोनमध्ये तिकीट ठेवून गेलात आणि नेट नसले तर फाटकाशी उभे राहाल. घरातल्या एकाचे तरी सिम पोस्टपेड असू द्या.

स्कीइंग शिकणाऱ्यासाठी मात्र तिकिटातली खरी बचत वेगळ्याच ठिकाणी आहे. पहिल्या तीन दिवसांत तुम्हाला गोंडोलाची गरजच नसते. गुलमर्गच्या मैदानालगत जे सौम्य उतार आहेत तिथे दोरीला धरून वर ओढणाऱ्या छोट्या लिफ्ट असतात. त्यांचे दर फेरीवर असतात, गोंडोलाच्या मानाने फारच कमी. उभे राहणे, वळणे आणि थांबणे, विशेषतः थांबणे, शिकायला तेवढाच उतार लागतो. पावडर ही शिकणाऱ्याची जागा नव्हे. मऊ दिसते म्हणून सोपी वाटते, पण गुडघाभर बर्फात स्की बुडते, वळण घेता येत नाही आणि पडल्यावर उठताना दम निघतो. चौथ्या दिवशी शिकवणाऱ्याने हो म्हटले तर एकदा गोंडोलाने पहिल्या टप्प्यापर्यंत जा. दुसऱ्या टप्प्यावर बघायला जा, पण तिथून स्कीने उतरू नका.

हे मी कडकपणे सांगतो त्याला कारण आहे. अफरवटच्या ज्या भागावर गस्ती पथकाची देखरेख असते तो मर्यादित आहे. त्याच्या बाहेर, जिथे अस्पर्शित पावडर दिसते, तिथे फेब्रुवारी २०२३ मध्ये हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाचा एक. हे लोक नवखे नव्हते. त्या भागात जाणाऱ्याकडे बर्फाखाली गाडले गेल्यास ठावठिकाणा सांगणारे यंत्र, खोरे, शोधकाठी, ते वापरणारा सोबती आणि स्थानिक वाटाड्या लागतो. पावडरचा खरा खर्च तिथून सुरू होतो. तो या लेखाच्या आकड्यात मी धरलेला नाही आणि पहिल्या खेपेला तुम्हीही धरू नये.

आता रुपये. एका माणसाचा, पाच रात्री आणि चार दिवस स्कीइंगचा अंदाज मी असा बांधतो. मुंबई-श्रीनगर जाऊन-येऊन विमान पंधरा हजार, दीड-दोन महिने आधी काढल्यास. सरावलीहून रिक्षाने डहाणू रोड, तिथून लोकलने अंधेरी, हा खर्च किरकोळ. फक्त सकाळचे विमान असेल तर आदल्या रात्री मुंबईत नातेवाइकांकडे राहा, पहाटेच्या गाडीवर विसंबू नका. श्रीनगर ते गुलमर्ग सुमारे पन्नास किलोमीटर. शेवटचा, टंगमर्गपासूनचा तेरा किलोमीटरचा घाट बर्फ असताना साखळ्या लावलेल्या गाडीनेच चढावा लागतो आणि ती गाडी बहुधा तिथली वेगळी घ्यावी लागते. चौघांत वाटून जाण्या-येण्याचे दोन हजार धरा. खोली दोघांत वाटून माणशी दोन हजार रोज, म्हणजे दहा हजार. जेवण चार हजार. स्की, बूट आणि काठ्या भाड्याने रोज हजार, चार दिवसांचे चार हजार. शिकवणारा तिघांत मिळून घेतला तर माणशी रोज सातशे, म्हणजे २,८००. छोट्या लिफ्टच्या फेऱ्यांना दोन हजार, एकदा गोंडोला १,८००. कपड्यांना पाच हजार, विम्याला हजार. बेरीज ४७,६००.

यात कुठे कमी करता येईल? खोलीत. गुलमर्गमध्ये हंगामात बरी खोली महाग जाते. खाली टंगमर्गला घरगुती राहण्याची सोय निम्म्या-पाऊण दरात मिळते. पण रोज वर जायची गाडी धरली की बचत बरीच खाल्ली जाते आणि सकाळचा तास-दीड तास जातो. चौघे असाल आणि गाडी वाटून घेता येत असेल तरच टंगमर्ग परवडते. दोघे असाल तर वरच राहा.

रेल्वेने मात्र स्पष्ट फरक पडतो. जून २०२५ मध्ये कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली. चिनाब पुलावरून ती सुमारे तीन तासांत काश्मीरमध्ये नेते, खुर्चीयानाचे भाडे सातशेच्या घरात. बर्फाने महामार्ग बंद झाला की पूर्वी जम्मूत अडकून पडावे लागे, तो धोका या गाडीने बराच कमी केला. मुंबईकडून कटऱ्याला थेट गाडी आहे, पण लांब पल्ल्याच्या सगळ्याच गाड्या डहाणू रोडला थांबत नाहीत. बोरिवली, वापी की सुरत, कुठून चढायचे ते वेळापत्रक पाहून ठरवा. थ्री-टायर एसीने जाऊन-येऊन सहा हजार आणि गाडीतल्या जेवणाचे दीड हजार धरले तर एकूण खर्च चाळीस हजारांच्या जवळ येतो. त्यासाठी प्रवासात चार दिवस जादा जातात. ज्याची रजा कापली जाणार त्याने विमानानेच जावे. कॉलेजच्या मुलांनी रेल्वेने जावे.

कपड्यांवर लोक सर्वांत जास्त पैसे वाया घालवतात. डहाणूत वर्षातून दहा दिवस स्वेटर लागतो. इथे महागडे जाकीट घेऊन करायचे काय? आतले थर्मलचे दोन जोड, लोकरी मोजे, चांगले हातमोजे आणि बर्फाचा चष्मा एवढे विकत घ्या. बाहेरचे जाकीट, पँट आणि हेल्मेट तिथे भाड्याने मिळते. सुती बनियन आणि जीन्स मात्र नको. सुती कपडा घामाने आणि बर्फाने ओला झाला की सुकत नाही आणि अंग गारठते. सनस्क्रीनही लागतेच, बर्फावरचे ऊन आपल्या समुद्रावरच्या उन्हापेक्षा जास्त भाजते.

तरुणांसाठी सर्वांत मोठी सवलत, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे: सरकारी संस्था. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, मनालीला अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था, पहलगामला जवाहर गिर्यारोहण संस्था. हिवाळ्यात त्यांचे स्कीचे कोर्स असतात. फीमध्ये बहुधा राहणे, जेवण, साहित्य आणि शिकवणी सगळे येते. खासगीत चार दिवसांना जे लागते तेवढ्यात किंवा त्याहून कमीत तिथे सलग दहा-बारा दिवस उतारावर मिळतात. वयाची अट असते, डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते आणि जागा लवकर भरतात. वेळापत्रक संकेतस्थळावर पाहून पावसाळा संपता संपता अर्ज करावा. बोर्डी, घोलवड, तलासरीकडची मुले दिवसभर वाडीत, डोंगरात राबणारी असतात, समुद्रात पोहणारी असतात. त्यांच्या पायांत बळ आहे. त्यांनी हे कोर्स का करू नयेत?

ज्यांची मुले-भाचे अमेरिकेत डेन्व्हर, सॉल्ट लेक सिटी, सिएटलकडे आहेत त्यांच्यासाठी नियम अगदी उलटा आहे. आपल्याकडे तिकिटाचा एकच सरकारी दर. तिथे खिडकीवरचा दर सगळ्यांत महाग. २०२४-२५ च्या हंगामात व्हेल आणि पार्क सिटी या स्की केंद्रांवर गर्दीच्या दिवसाचे एका दिवसाचे तिकीट तीनशे डॉलरच्या वर गेले, म्हणजे पंचवीस हजार रुपयांहून जास्त. आपल्या अख्ख्या गुलमर्गच्या खर्चाच्या निम्म्याहून अधिक, आणि तेही एका दिवसाला! तेच दिवस ‘एपिक’ पासातून हंगाम सुरू होण्याआधी घेतले तर निम्म्याहून कमी पडतात. उन्हाळ्यापासून दर पायरीपायरीने चढतात आणि डिसेंबरच्या सुरुवातीला विक्री बंद होते. म्हणून आई-वडील तिकडे हिवाळ्यात जाणार असतील तर मुलांना सप्टेंबरातच आठवण करा. पासधारकांना मित्र-नातेवाइकांसाठी काही सवलतीची तिकिटेही मिळतात. मुलाच्या ऑफिसात कुणाकडे पास आहे का, हे विचारायला लाजू नका. जपानमध्ये निसेकोला, जिथे सायबेरियाचा गार वारा समुद्रावरून येऊन जगातली उत्तम पावडर पाडतो, २०२४-२५ मध्ये दिवसाचे तिकीट दहा हजार येनच्या आसपास होते. अमेरिकेपेक्षा स्वस्तच म्हणायचे, पण जाण्याचे भाडे धरले की आपल्यासाठी गुलमर्गच बरे.

आता काश्मीरमधल्या सुरक्षेचे. पहलगामला एप्रिल २०२५ मध्ये पर्यटकांवर दहशतवादी हल्ला झाला, त्यात डोंबिवली, पनवेल, पुण्याची माणसे गेली. त्यामुळे घरच्यांनी काळजी केली तर ती समजून घ्या. निघण्याच्या आधी प्रशासनाच्या सूचना पाहा, बंद असलेल्या ठिकाणी आग्रह धरू नका.

विम्याबद्दल एकच सांगतो. साध्या मेडिक्लेममध्ये साहसी खेळातली दुखापत वगळलेली असू शकते. पॉलिसीतले ते कलम काढून वाचा. तसे वगळले असेल तर स्कीइंगचा स्पष्ट उल्लेख असलेला प्रवास विमा वेगळा घ्या.

आणि शेवटी आपल्या तालुक्याची एक गोष्ट, जी कुठल्याही पॅकेजच्या पत्रकात सापडणार नाही. आपण समुद्रसपाटीवरची माणसे. सकाळी मुंबईहून निघून दुसऱ्या दिवशी अफरवटवर उभे राहिलो तर जवळजवळ चार हजार मीटर चढलेलो असतो. तिथे प्राणवायू कमी, त्यामुळे धडधाकट माणसाचेही डोके दुखते. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी दुसरा टप्पा टाळावा. पण डहाणू-तलासरीत याहून महत्त्वाचा प्रश्न सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा आहे. ज्याला हा आजार आहे त्याला कमी प्राणवायूत तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. जो नुसता वाहक आहे, ज्याला गावात कधी काही त्रास झाला नाही, त्याच्याही प्लीहेला एवढ्या उंचीवर इजा होऊ शकते. घरात कुणाला सिकलसेल असेल, किंवा तुमची तपासणी कधी झालीच नसेल, तर विमानाचे तिकीट काढण्याआधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. ही तपासणी मोफत आहे. अहवाल डॉक्टरांना दाखवा, उंची किती ते आकड्यात सांगा आणि त्यांनी हो म्हटल्यावरच पैसे भरा.